आकाशातून उडी मारण्यापूर्वी

जळगावला विज्ञान शिक्षकांच्या एका बैठकीसाठी आम्ही गेलो होतो. चहाच्या सुट्टीत एका शिक्षिकेने आपल्या मोबाइलवरची जाहिरात आमच्यापुढे धरली. विमानातून उडी मारून पोटावर तरंगणारा माणूस, त्याच्या पाठीला बांधलेला प्रशिक्षक आणि खाली ठळक अक्षरांत ‘धुळे’. बाईंची एक माजी विद्यार्थिनी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकते. तिला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिला ही उडी मारायची आहे. वडिलांनी साफ नकार दिला, तेव्हा ती बाईंकडे आली. “बाई, तुम्ही सांगितलेत तर बाबा ऐकतील.” बाईंनी आम्हाला विचारले, “मी काय सांगू? हो म्हणू की नको?”

अशा प्रश्नाला चटकन उत्तर देण्याचा मोह होतो. तो टाळून आम्ही कागद-पेन्सिल मागितली. ही उडी सुरक्षित आहे की नाही हे धाडसावर फारसे अवलंबून नसते. ते काही सेकंदांच्या आणि काही चौरस मीटर कापडाच्या हिशेबावर ठरते, आणि तो हिशेब दहावीचा विद्यार्थीही समजू शकतो.

पुस्तकातले पतन आणि आकाशातले पतन

दहावीला आपण ‘मुक्त पतन’ शिकवतो. फक्त गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढत जातो, आणि जड वस्तू व हलकी वस्तू एकाच वेळी खाली पोहोचतात. स्कायडायव्हिंगमध्ये माणूस साधारणपणे १०,००० फुटांवरून, म्हणजे सुमारे ३,००० मीटरवरून विमान सोडतो आणि ५,००० फुटांच्या आसपास, म्हणजे सुमारे १,५०० मीटरवर त्याची हवाई छत्री उघडली जाते. मधले १,५०० मीटर तो नुसता पडत असतो. पुस्तकातले सूत्र लावले तर छत्री उघडतेवेळी त्याचा वेग ताशी ६०० किलोमीटरहून अधिक यायला हवा. प्रत्यक्षात तो ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतो. मग सूत्र चुकले काय?

सूत्र बरोबर आहे, पण ते निर्वातासाठी आहे. सायकलवरून उतारावर जाताना छातीवर जी हवा आदळते तीच इथे खालून आदळते. या हवेच्या रोधाचा नियम सोपा आहे. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. शिवाय हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ आणि हवेची घनता यांच्या प्रमाणातही तो वाढतो. पडणाऱ्याचा वेग वाढत गेला की एका क्षणी रोध त्याच्या वजनाएवढा होतो. दोन्ही बले तुल्यबळ झाली की त्वरण शून्य होते आणि पुढे वेग वाढत नाही. या वेगाला ‘अंत्य वेग’ म्हणतात. (गतीच्या समीकरणांत आपण ज्याला ‘अंतिम वेग’ म्हणतो तो वेगळा. वर्गात हा गोंधळ आधीच दूर केलेला बरा.)

पोटावर पसरून पडणारा, सामानासह ८० किलोचा माणूस घेऊ. हिशेब केला तर पाच सेकंदांनी त्याचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर असतो आणि दहा सेकंदांनी सुमारे १८७. हवा नसती तर दहाव्या सेकंदाला तो ३५३ झाला असता. बाराव्या सेकंदापर्यंत तो सुमारे ४५० मीटर खाली आलेला असतो आणि त्याचा वेग जवळजवळ स्थिर झालेला असतो. म्हणून अनुभवी लोक एक ठोकताळा वापरतात : पहिल्या १,००० फुटांना दहा सेकंद आणि त्यानंतर दर १,००० फुटांना पाच. १०,००० ते ५,००० फूट म्हणजे दहा अधिक वीस, सुमारे अर्धा मिनिट. जाहिरातीतला सारा आनंद या अर्ध्या मिनिटाचा असतो.

यात एक गंमत आहे. या अर्ध्या मिनिटाला स्कायडायव्हिंगवाले ‘फ्री फॉल’, म्हणजे मुक्त पतन म्हणतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते पहिले एक-दोन सेकंदच मुक्त पतनासारखे असते. पुढे माणूस हवेवर जवळजवळ रेललेला असतो. उडी मारलेले अनेक जण सांगतात की पाळण्यात पोटात खड्डा पडतो तसे पुढे वाटत नाही. त्याचे कारण हेच.

जोडीने पडताना

नवख्या माणसाला एकट्याने उडी मारू देत नाहीत. त्याला प्रशिक्षकाच्या छातीपुढे पट्ट्यांनी बांधतात आणि दोघांची मिळून एकच मोठी छत्री असते. ही ‘टँडम’ पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली. इथे पुस्तकातल्या दुसऱ्या विधानाची कसोटी लागते : जड वस्तू आणि हलकी वस्तू एकदमच पडतात काय?

हवेत नाही. दोघांचे वजन मिळून दुप्पट होते, पण एक दुसऱ्याच्या पाठीशी असल्यामुळे हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने अंत्य वेग दोनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.४ पट होईल. २०० चे २८० होतील. इतक्या वेगात छत्री उघडली तर कापडावर आणि माणसांवरही घातक ताण येऊ शकतो. म्हणून उडीनंतर थोड्याच वेळात प्रशिक्षक एक लहानशी छत्री मागे सोडतो. तिला ड्रोग म्हणतात. ती रोध वाढवून जोडीचा वेग पुन्हा २०० च्या आसपास आणते.

हे वर्गात दाखवता येते. वहीच्या पातळ कागदाची १५ सेंटिमीटर व्यासाची पाच वर्तुळे कापा. प्रत्येकाचा चौथा हिस्सा कापून उरलेल्याचा शंकू चिकटवा. एक शंकू एकटा ठेवा आणि चार शंकू एकात एक बसवा. आकार तोच, वजन चौपट. चौपट वजनाला अंत्य वेग दुप्पट हवा. म्हणून चार शंकूंची चवड ४ मीटरवरून आणि एकटा शंकू २ मीटरवरून, टोक खाली धरून, एकाच क्षणी सोडा. शाळेच्या पहिल्या मजल्याची गॅलरी आणि तिच्याखाली स्टुलावर उभा असलेला विद्यार्थी एवढी सोय पुरते. दोन्ही जवळजवळ एकदमच जमिनीला लागतात. चवड किंचित मागे राहते. ती का, हा प्रश्न विद्यार्थ्यांवर सोपवावा. (तिला आपला अंत्य वेग गाठायला अधिक वेळ लागतो.)

छत्री काय करते

अंत्य वेगाने पडणारा माणूस १,५०० मीटरवर आहे आणि छत्री उघडलीच नाही, असे समजा. जमीन तेव्हा २७ सेकंदांवर असते. या खेळातील सगळी साधने आणि सगळे नियम या २७ सेकंदांसाठी आहेत.

वेग दहाव्या हिश्शावर आणायचा तर रोधाच्या नियमाप्रमाणे क्षेत्रफळ शंभर पट हवे. जुन्या गोल छत्र्या हेच करीत. आंद्रे-जाक गार्नरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये फुग्यातून वर जाऊन छत्रीने खाली उतरून दाखवले, तेव्हापासून ही युक्ती माणसाला ठाऊक आहे. गोल छत्रीने सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने जमिनीवर येता येते. सेकंदाला ५ मीटर म्हणजे सव्वा मीटर उंचीच्या ओट्यावरून मारलेली उडी. गुडघे जुळवून, अंग सैल ठेवून पडायला शिकवतात ते यासाठी.

आजची चौकोनी छत्री मात्र छत्री कमी आणि पंख अधिक असते. तिच्या पुढच्या कडेला उघडी तोंडे असतात. त्यांतून हवा आत भरते आणि कापडाला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. त्यामुळे ती खाली येता येता पुढेही सरकते आणि वळवता येते. जमीन जवळ आली की दोन्ही दोऱ्या खाली ओढतात. पंखाची मागची कड वाकते, पुढचा वेग कमी होतो आणि क्षणभर उचल वाढते. कावळा भिंतीवर बसताना पंख मागे टाकून फडकवतो तसाच हा प्रकार. ही दोरी एक-दोन सेकंद लवकर किंवा उशिरा ओढली तर पाय मोडू शकतो. छत्री व्यवस्थित उघडलेली असतानाही कित्येक अपघात होतात ते या शेवटच्या टप्प्यावरच.

छत्री उघडण्याचा वेळही मोजून मापून ठरवलेला असतो. सेकंदाला ५५ मीटरचा वेग ५ मीटरवर आणायला तीन सेकंद घेतले, तर शरीराला वजनाच्या पावणेतीन पट ओढ जाणवते. तेच तिसऱ्या हिश्शाच्या सेकंदात झाले तर ओढ पंधरा पटींपलीकडे जाते. म्हणून दोऱ्यांत स्लायडर नावाचा कापडाचा एक चौकोन ओवलेला असतो. तो हळूहळू खाली सरकतो आणि छत्रीला एकदम पसरू देत नाही.

दुसरी छत्री

मुख्य छत्री कधी पिळलेली उघडते, कधी दोऱ्या गुंततात. अशा वेळी ती सोडून देऊन त्याच पाठपिशवीतली राखीव छत्री उघडायची असते. तेही करायचे कोणाला सुचले नाही, किंवा तो बेशुद्ध झाला तर? यासाठी एक स्वयंचलित यंत्र असते. १९९१ साली जर्मनीत ‘सायप्रेस’ नावाचे असे यंत्र तयार झाले आणि त्याने या खेळाचे रूप पालटले. ते हवेचा दाब मोजते. जमिनीजवळ दर साडेआठ मीटरला दाब सुमारे एक मिलिबारने बदलतो. त्यावरून यंत्राला उंची कळते आणि दाब किती झपाट्याने वाढतो आहे यावरून वेग कळतो. एकट्याने उडी मारणाऱ्यांसाठीचे यंत्र सुमारे २२५ मीटर उंचीवर वेग अजून सेकंदाला ३५ मीटरहून अधिक आहे असे दिसले, की राखीव छत्रीचे बंधन कापते. जोडीच्या उडीसाठी ही उंची अधिक, सुमारे ५८० मीटर, ठेवलेली असते. अंत्य वेगाने पडताना २२५ मीटर म्हणजे चार सेकंद आणि ५८० मीटर म्हणजे साडेदहा सेकंद. जोडीला वाढीव वेळ का दिला आहे हे यावरून ध्यानात येईल : त्यांची छत्री मोठी असते आणि तिला उघडायला अधिक अंतर लागते.

खानदेशची हवा

आता धुळ्याकडे वळू. शहराजवळ गोंदूर येथे धावपट्टी आहे आणि तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लबने वैमानिकांचे प्रशिक्षण चालवले आहे. देशातील स्कायडायव्हिंगच्या ठिकाणांच्या अनेक याद्यांत धुळ्याचे नाव सापडते. मात्र यादीत नाव असणे म्हणजे तिथे बारमाही केंद्र असणे नव्हे. आपल्याकडे अशा उड्या बऱ्याच ठिकाणी काही दिवसांच्या शिबिरांतूनच होतात. सातपुड्यापलीकडे उज्जैनला अशी शिबिरे भरली आहेत.

हे ठिकाण लोकांना का भुरळ घालते ते समजण्यासारखे आहे. सपाट काळी जमीन, मधून जाणारी पांझरा, दक्षिणेला लळिंगचा डोंगर, उत्तरेला सातपुड्याची रांग. तीन किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे १९५ किलोमीटर दूर असते. हवा अगदी स्वच्छ असेल तर जळगावही दृष्टीच्या टप्प्यात यावे.

परंतु इथली हवा ऋतूप्रमाणे फार बदलते. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर जातो तेव्हा हवेची घनता १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते. घनता कमी म्हणजे रोध कमी. त्यामुळे पडण्याचा आणि उतरण्याचाही वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, आणि विमानाला वर चढायलाही जास्त वेळ लागतो. यापेक्षा मोठा धोका वावटळीचा. तापलेल्या काळ्या रानावरून दुपारी धुळीचे भोवरे उठतात. कापडी पंख त्यात सापडला तर जमिनीपासून थोड्याच उंचीवर मिटू शकतो. पावसाळ्यात ढग आणि पश्चिमेचे जोरदार वारे असतात. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे ती त्याच वाऱ्याच्या भरवशावर. पवनचक्कीला जो वारा हवा तोच छत्रीला नको असतो. छत्रीखाली १,५०० मीटर उतरायला पाच मिनिटे लागली आणि वारा ताशी २० किलोमीटरचा असला, तर छत्री त्या वेळात दीड किलोमीटरहून अधिक वाहवत जाते. ती शेवटी कपाशीच्या शेतात उतरेल, विजेच्या तारांवर की केळीच्या बागेत, हे विमानातून बाहेर पडण्याची जागा कशी निवडली यावर ठरते. म्हणून खानदेशात उडीसाठी हिवाळ्यातली शांत सकाळ चांगली. मात्र जमिनीवर १५ अंश असताना तीन किलोमीटर वर तापमान शून्याच्याही खाली असू शकते, हे ध्यानात ठेवून कपडे घालावेत.

विरळ हवेचा परिणाम किती मोठा असतो याचे ठळक उदाहरण पुण्याच्या शीतल महाजन यांचे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. २००६ च्या डिसेंबरात त्यांनी दक्षिण ध्रुवावर उडी घेतली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली. सव्वाआठ मीटर लांबीचे कापड ताशी २०० किलोमीटरच्या वाऱ्यात सुटले तर छत्रीच्या दोऱ्यांत अडकू शकते. म्हणून साडी जागोजागी पक्की करावी लागली. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली आणि ५,३०० मीटरहून उंच असलेल्या काला पत्थरवर त्या उतरल्या. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असते. हिशेब केला तर तीच छत्री तिथे सुमारे तीस टक्के अधिक वेगाने जमिनीवर येते. मे महिन्यातल्या धुळ्याचा ५ टक्क्यांचा फरक याच नियमाचे लहान रूप आहे.

धोका किती?

वडिलांचा प्रश्न हाच होता, आणि तो रास्त होता. अमेरिकेतील पॅराशूट संघटना दर वर्षी मोजदाद ठेवते. २०२३ साली तिथे सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० जण मृत्युमुखी पडले, म्हणजे सुमारे ३ लाख ६५ हजार उड्यांमागे एक. १९७० च्या दशकात तिथे वर्षाला सरासरी ४२ हून अधिक मृत्यू होत. हा फरक राखीव छत्रीची शिस्त, दाब मोजणारे यंत्र आणि प्रत्येक अपघाताची चिकित्सा करून ती प्रसिद्ध करण्याची सवय यांतून आला.

पण जाहिरातदार हा आकडा आपल्याकडे उसना आणतात तेव्हा सावध राहावे. तो तिथल्या साधनांचा, तिथल्या प्रशिक्षकांचा आणि तिथल्या तपासणीचा आहे. एखाद्या ठिकाणी किती उड्या झाल्या आणि किती जण जखमी झाले याची नोंदच ठेवली जात नसेल, तर तिथला धोका कमी आहे असेही म्हणता येत नाही आणि जास्त आहे असेही नाही. अपूर्णांकाला छेदच नसेल तर उत्तर कुठून येणार?

म्हणून आम्ही बाईंना हो किंवा नको सांगण्याऐवजी पाच प्रश्न लिहून दिले. मुलीने ते आयोजकांना स्वतः विचारावेत असे सुचवले.

१. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार तुमची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे काय? विमान आणि वैमानिक यांना या कामाची परवानगी आहे काय?

२. ज्या प्रशिक्षकाला मला बांधणार त्याने जोडीने किती उड्या घेतल्या आहेत? त्याचा परवाना कोणत्या संस्थेचा आणि कधीपर्यंतचा आहे?

३. राखीव छत्री कोणी आणि कोणत्या तारखेला घडी केली? त्याचे नोंदपत्रक दाखवाल काय? (अमेरिकेत ही छत्री दर १८० दिवसांच्या आत तपासून पुन्हा घडी केलेली असावी लागते.)

४. स्वयंचलित यंत्र बसवलेले आहे काय? त्याची मुदत कधीपर्यंत आहे?

५. वारा किती वाढला की तुम्ही उड्या थांबवता? त्या दिवशी माझे पैसे परत मिळतात काय?

पाचवा प्रश्न पैशांचा वाटतो, पण तो सुरक्षिततेचा आहे. उडी रद्द झाली की पैसे बुडणार असतील, तर वारा वाढत असतानाही ‘चला, जाऊन येऊ’ म्हणण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. याशिवाय वजन (बऱ्याच ठिकाणी ९० ते १०० किलोच्या आसपास मर्यादा असते), हृदयाचे आणि पाठीचे आजार यांची विचारपूस आयोजकांनी स्वतःहून करायला हवी. साधी सर्दी असली तरी उडी पुढे ढकलावी. इतक्या झपाट्याने खाली येताना बंद झालेल्या नळीमुळे कानाच्या पडद्यावर दाब येतो आणि असह्य दुखते.

काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला. मुलीने पाचही प्रश्न विचारले होते. प्रशिक्षकाविषयी आणि स्वयंचलित यंत्राविषयी तिला नीट उत्तरे मिळाली. राखीव छत्रीच्या तारखेविषयी मात्र “काळजी करू नका, आजवर काही झालेले नाही,” एवढेच सांगण्यात आले. नोंदणीचा कागद पाठवतो म्हणाले, तो आला नाही. पैसे परत मिळणार नव्हते. तिने या वेळची उडी रद्द केली आणि घरी जाऊन सगळा कागद वडिलांपुढे ठेवला. २७ सेकंद आणि साडेदहा सेकंद हे आकडे त्यांनी दोनदा तपासून पाहिले. मग म्हणाले, “ज्या दिवशी पाचही उत्तरे लेखी मिळतील, त्या दिवशी धावपट्टीपर्यंत मी स्वतः येईन.” ती आता दुसऱ्या ठिकाणांची चौकशी करते आहे. बाईंच्या वर्गात, खिडकीजवळच्या दोऱ्यावर, कागदाचे पाच शंकू टांगलेले आहेत.